भय्याजीचा गोटा

आमच्या चिचबोडीच्या वळणावर जो गोटा देव झाला, तो मुळात भय्याजीचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात दुसरं कोणी सांगणार नाही, आणि भय्याजी तर मेला तरी सांगणार नाही.

वळणाला लागून माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लाखनीहून गावाकडे येणारा डांबरी रस्ता इथे बोडीच्या काठाने वळसा घेतो. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं. दुकानात बसल्या बसल्या मला दोन्हीकडचा रस्ता दिसतो, आणि तो पाहून पाहून माझा स्वभाव तिरसट झाला आहे, असं माझी बायको म्हणते. तिने आठवडाभर इथे बसून पाहावं.

टिकारामची काळी-पिवळी जीपच घ्या. त्याला खर्रा लागतो, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटलेला तोबरा. खर्ऱ्याची पन्नी घोटायला दोन्ही तळहात लागतात, म्हणून तेवढा वेळ स्टेअरिंग तो गुडघ्यांवर सोपवतो. आत कोंबलेली माणसं त्याला स्टेअरिंग धर म्हणत नाहीत, थोडा मलेही दे म्हणतात. ट्रॅक्टरवाल्यांचं मत असं की मागचा दिवा हा फुकटचा खर्च आहे, मागून येणाऱ्याला देवाने डोळे दिलेलेच आहेत. कॉलेजची पोरं एका गाडीवर तिघं बसतात आणि मधला बाकी दोघांना मोबाईलवर काहीतरी दाखवत असतो. चारचाकीवाला काच खाली करून पिचकारी मारल्याशिवाय वळण घेत नाही. बाजूने मोटारसायकलवाला जात असला तरी काही बिघडत नाही, कारण यांच्या हिशेबी मोटारसायकलवाला रस्त्यावर नसतोच.

या रस्त्यावर वळताना इंडिकेटर देणारा मी एकच माणूस पाहिला, तो म्हणजे चंद्रकुमार. शाळेत माझ्याच बाकावर होता. आता लाखनीच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर कामाला आहे. हेल्मेट घालतो, वर त्याचा पट्टाही हनुवटीखाली आवळतो. पोरं त्याला हसायची. "काका, टोपलं घालून कुठं चालले?" असं विचारायची. इंडिकेटर दिला की मागचा माणूस आपुलकीने ओरडून सांगायचा, "भाऊ, तुहा लाईट लुकलुक करून राहिला, बंद कर." चंद्रकुमार हात वर करून त्याचे आभार मानायचा आणि वळायचा. मी असतो तर थांबून दोन शिव्या दिल्या असत्या.

आता गोट्याचं. दिवाळी झाली की आमच्याकडे धान रस्त्यावर येतं. डांबर सपाट असतं, तापतं चांगलं, आणि सरकारचं असल्यामुळे कोणाला विचारावं लागत नाही. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घालायचं आणि त्यावरून गाडी जाऊ नये म्हणून कडेने गोटे लावायचे. गाडी गोट्यावर गेली तर तो गाडीवाल्याचा प्रश्न. दिवस मावळायला लागला की धान पोत्यांत भरून घरी जातं. बाया फडा घेऊन दाणा न् दाणा झाडून नेतात. गोटे मात्र तिथेच राहतात, कारण उद्या पुन्हा लागणारच आहेत, मग उचलायचे कशाला?

भय्याजीची शेती मोठी आणि लोकांवरचा अविश्वास त्याहून मोठा. बाकीचे नारळाएवढे गोटे लावतात. त्याने बोडीच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, चांगला गुडघाभर उंचीचा काळा धोंडा दोन गड्यांकडून आणवला आणि वळणाच्या तोंडावर ठेवला. मी त्याला म्हटलं होतं, भय्याजी, संध्याकाळी हा तेवढा बाजूला करत जा. तो म्हणाला, "योगेंद्र, तू तुह्या पंक्चरी पाहा."

एका संध्याकाळी चंद्रकुमार मिलमधून परत येत होता. समोरून एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू होता, तोही पलीकडच्या कडेचा, त्यामुळे लांबून मोटारसायकलच येते आहे असं वाटलं. जवळ आल्यावर ट्रॅक्टर निघाला. चंद्रकुमारने गाडी डावीकडे घेतली, आणि डावीकडे भय्याजीचा गोटा उभा होता. गाडी गोट्यापाशीच आडवी झाली. चंद्रकुमार वरून उडाला आणि खाली भय्याजीच्याच तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात जाऊन पडला. ट्रॅक्टरवाला थांबला नाही. त्याला बहुतेक कळलंही नसेल, कारण ट्रॅक्टरवर गाणी लागलेली होती.

मी आणि टिकारामने त्याला जीपमध्ये घातलं. हेल्मेट मधोमध तडकलं होतं, डोकं शाबूत होतं. उजवा गुडघा मात्र पार गेला. डॉक्टरांनी सळई घातली. पाय वाचला, पण वाकायचा थांबला.

इकडे भय्याजीची झोप उडाली. गोटा कोणाचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, आणि पोलीस आले असते तर त्यांनी शेंबड्या पोरालाच विचारलं असतं. सकाळी मी दुकान उघडायला आलो तर गोट्याला डोक्यापासून बुडापर्यंत शेंदूर. समोर उदबत्ती, फोडलेला नारळ, आणि भय्याजी अंघोळ करून, उघड्या अंगाने, डोळे मिटून बसलेला. भोवती गाव गोळा झालेलं.

"एवढ्या जोरात उडाला चंद्रकुमार," भय्याजी डोळे उघडून म्हणाला, "मेला काहून नाई?"

मी म्हटलं, "हेल्मेट होतं."

"हेल्मेट डोक्याले. बाकी आंगाले काय होतं?"

"खाली तणीस होती."

"मंग त्या दिवशी तणीस तिथं टाकाची बुद्धी मले कोनं देली?" असं म्हणून त्याने गोट्याकडे हात केला. लोकांनी माना हलवल्या. ज्या गोट्यामुळे माणूस पडला, त्यानेच त्याला वाचवलं, हे सगळ्यांना एकदम पटलं. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. मागच्या बायांनी डोक्यावर पदर घेतले.

त्यानंतर गोटा हलवायचा प्रश्नच मिटला. देव कसा हलवणार? उलट, गाड्यांच्या हादऱ्याने तो कलायला नको म्हणून भय्याजीने जागच्या जागी सिमेंट घालून पक्का केला. म्हणजे आधी निदान धानाच्या दिवसांपुरता रस्त्यात असणारा गोटा आता बाराही महिने डांबरात हातभर आत उभा राहिला. बाजूला बांबूवर झेंडा लागला. वळणबाबा असं नाव पडलं. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा पाहायला बाहेरगावाहून आलेले पाहुणेही पाया पडून गेले आणि आपापल्या गावी जाऊन सांगते झाले की चिचबोडीचा देव जागृत आहे.

चंद्रकुमार कुबडी घेऊन ग्रामसभेत गेला. सरपंच रुखमिणीबाई आहेत, पण बोलतो त्यांचा नवरा तुलाराम. बाई खुर्चीवर बसतात आणि तुलाराम खुर्चीच्या मागे उभा राहून कारभार करतो. चंद्रकुमार म्हणाला, देव असेल तर असू द्या, माझं काही म्हणणं नाही, फक्त चार पावलं खाली घ्या. माझ्यासारखा दुसरा कोणी पडेल.

तुलाराम म्हणाला, "रस्ता बांधकाम खात्याचा हाय, आपल्याले त्याच्यात बोलता येत नाई. आन् देव भय्याजीचा हाय, त्याच्यात तर बिलकुल बोलता येत नाई. पन तुह्यी काळजी रास्त हाय." आणि काळजी रास्त असल्यामुळे पंचायतीने गोट्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ब्रेकर करून दिले. मुरूम आणि उरलेलं डांबर टाकून केले, पट्टे मारले नाहीत. ते दिसत नसत, लागत.

भाविकांचीही सोय झाली. ब्रेकरवर गाडी आपोआप हळू होते, तेव्हा हात जोडायला सवड मिळते. सुरुवातीला लोक जाता जाता एक हात कपाळाला लावत. भय्याजीला ते आवडलं नाही. तो रोज संध्याकाळी गोट्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागला होता. एकाला थांबवून त्याने सुनावलं, "एका हातानं सायबाले सलाम करतेत. देवाले दोन हात लागतेत." तेव्हापासून मोटारसायकलवाले ब्रेकर चढता चढता दोन्ही हात सोडून नमस्कार करायला लागले. टिकारामला सवय होतीच. खर्रा आणि वळणबाबा, दोघांसाठी गुडघे कामाला आले.

माझा धंदा वाढला, खोटं कशाला बोलू? वाकडे हँडल, मोडलेले फूटरेस्ट, फुटलेले आरसे येत राहिले. इंडिकेटरही फुटत, पण त्यांचं कोणाला वाईट वाटत नसे, कारण ते वापरात नव्हते. पडणाऱ्याने हात जोडलेले असले तर भय्याजी म्हणे, जोडले म्हणून जीव वाचला. जोडलेले नसले तर म्हणे, जोडले नाहीत म्हणून पडला. एकाने खुर्चीशी जाऊन विचारलं, मी हात जोडले आणि तरी दात पडला, ते कसं? भय्याजीने त्याला विचारलं, मनापासून जोडले होते का? तो बिचारा विचारात पडून घरी गेला.

या सगळ्यांवर मी हसतो. चंद्रकुमारच्या बायकोवर मात्र हसवत नाही. कामिनी दर मंगळवारी यायची. गोट्याला तेल वाहायची, कपाळ टेकायची. ज्या रात्री नवऱ्याला ऑपरेशनला आत नेलं, त्या रात्री ती दवाखान्याच्या पायरीवर एकटी बसून होती. माणूस जिवंत बाहेर आला, तर बाईला कोणाचे तरी पाय धरावेसे वाटणार. तणशीचे पाय कसे धरणार? गोटा समोर होता, शेंदूर लावलेला होता. तिने धरले.

चंद्रकुमारला मात्र गोटा दिसला की घाम फुटायचा. त्याची भीती स्वतःपुरती राहिली नव्हती. पाय वाकत नसल्यामुळे त्याचं गाडी चालवणं बंद झालं होतं, आणि गाडी आता त्याची मुलगी गुड्डी चालवत होती. गुड्डी लाखनीला कॉलेजात शिकते. गिअरची गाडी ती आठवड्यात शिकली, माझ्याच दुकानासमोर. बापासारखी जपून चालवते, इंडिकेटर देते, नवं हेल्मेट घालते. सकाळी बापाला मागे बसवून मिलमध्ये सोडायची आणि पुढे कॉलेजला जायची. संध्याकाळी मिल उशिरा सुटते, म्हणून बाप जीपने यायचा आणि गुड्डी एकटी परतायची.

एकदा सकाळी चेनला तेल द्यायला ती दुकानावर थांबली होती. मागे चंद्रकुमार एक पाय सरळ काढून बसलेला. मंगळवार होता, म्हणून कामिनीही तिथेच होती. तेलाची वाटी हातात धरून ती लेकीजवळ आली.

"गुड्डी, बाबाले इथंच लागलं होतं. इथून जाताना रोज हात जोडत जाय."

"हँडल सोडशीन तर गाडीची किल्ली माह्याजवळ देऊन दे," चंद्रकुमार मागून म्हणाला.

"तुम्ही मधात बोलू नका. तुम्ही वाचले कोनामुळं?"

"हेल्मेटमुळं."

"मंग हेल्मेटनं पाय काहून मोडू देला?" कामिनी म्हणाली. प्रश्नाला अर्थ नव्हता, पण नवरा-बायकोच्या भांडणात एवढं कोण पाहतं? कामिनीने लेकीचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माही शपथ घे. हात जोडशीन म्हन."

"बरं," गुड्डी म्हणाली.

"आन् माही घे," चंद्रकुमारने तिचा दुसरा हात ओढला. "हँडल सोडनार नाई म्हन."

"बरं," गुड्डी त्यालाही म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. मी चेन फिरवत होतो. पोरगी समजदार आहे, दोघांनाही गप्प केलं, असं मला वाटलं.

गाडी सुरू करून ती वळणावरून गेली तेव्हा तिचे दोन्ही हात हँडलवर होते. मागे बाप होता. कामिनी बघत राहिली आणि वाटी घेऊन घरी गेली.

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. संध्याकाळ होती, उजेड होता. मी पाठ करून एका ट्यूबमध्ये हवा भरत होतो. जीपचा ब्रेक करकरला, आणि लगेच लोखंड डांबरावर घासत गेल्याचा आवाज आला. तो आवाज मी रोज ऐकतो, तरी पंप टाकून उठलो. वळून पाहिलं तर टिकारामची जीप वळणबाबासमोर रस्त्याच्या मधोमध उभी आणि टिकाराम आत हात जोडून बसलेला. जीपच्या मागे गाडी आडवी होती. चाक अजून फिरत होतं. गुड्डी गोट्याच्या बुडाशी पडली होती. झेंड्याचा बांबू तिच्या अंगावर आला होता.

मी धावलो. हेल्मेट काढलं. ती शुद्धीवर होती. उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता, गालाची सालटं निघाली होती. "काका, बाबाले लगेच सांगू नका," ती म्हणाली. टिकाराम उतरून आला आणि म्हणाला, "मी तर पाया पडून राहिलो होतो बापा, माही काय चुकी?" शिव्या मी पुढे ढकलल्या. त्याच्याच जीपमधून न्यायचं होतं.

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिचा हात बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो तर खाटेच्या एका बाजूला चंद्रकुमार पाय लांब करून बसलेला, दुसऱ्या बाजूला कामिनी. मध्ये गुड्डी, गळ्यात हात अडकवलेली, अर्धा चेहरा पट्टीत. दोघांचं तिच्यावरून चाललं होतं.

"मी ग्रामसभेत जाऊन सांगतलं होतं," चंद्रकुमार म्हणत होता. "सगळ्यायले सांगतलं. घरातल्याच मानसानं ऐकलं नाई, तर गाव कायले ऐकन? जा आता, वाह्य तेल."

"हिनं हात जोडले असते तर असं झालं असतं का?" कामिनी रडत होती. "आईची शपथ घेतली आन् ऐकलं बापाचं. एक दिवस, एक दिवस जरी मनापासून हात जोडले असते..."

"जोडले होते," गुड्डी म्हणाली.

पट्टीमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"सकाळी बाबा राहते मागं, तवा नाई जोडत. संध्याकाळी एकटी राहते, तवा जोडते. रोजच जोडते. कालही जोडले होते. समोर जीप थांबली. पायाचा ब्रेक मारला, पन हँडल हातात नव्हतं, गाडी फिरली." तिने थोडा दम घेतला. "दोघंही भांडू नका. मी दोघायचंही ऐकलं."

मी खिडकीकडे पाहायला लागलो. चंद्रकुमारने डोकं खाटेच्या कठड्याला टेकलं. कामिनीचं रडणं थांबलं होतं. लेकीच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे ती असं पाहत होती, जणू तो हात तिनेच पिरगाळला आहे. आणि नेमका त्याच वेळी भय्याजी आत आला. हातात प्रसादाचा नारळ, कपाळाला शेंदूर. दारातूनच त्याने गुड्डीचं शेवटचं ऐकलं असावं.

"पाहा," तो म्हणाला, "हात जोडले होते म्हनूनच पोरगी वाचली. गावात सगळे म्हनून राहिले, एकाच घरी दोनदा चमत्कार झाला. आता वर टिनाचं छत टाकू."

त्याने नारळ पुढे केला. कामिनीने तो घेतला नाही.

"भय्याजी," ती म्हणाली, "तो गोटा तिथं कोनं ठेवला होता?"

"देवाची इच्छा..."

"मी इच्छा नाई इचारून राहिली. ठेवला कोनं?"

भय्याजीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेरचं झाड पाहत होतो. तो म्हणाला, "ते आता निघालं तर पुष्कळ निघन. पोरीले आराम करू द्या." नारळ त्याने औषधांच्या बाटल्यांजवळ ठेवला आणि निघून गेला.

पुढच्या सकाळी पहिल्या एसटीने कामिनी गावात आली. घरी गेली नाही, सरळ माझ्या दुकानावर आली आणि म्हणाली, "भाऊजी, सब्बल द्या." मी दिली. चांगली कमरेएवढी लांब लोखंडी पहार होती ती.

तिने पदर खोचला आणि गोट्याच्या बुडाशी पहिला घाव घातला. गाव जमायला वेळ लागला नाही. तुलाराम आला, टिकाराम जीप थांबवून आला, जीपमधली माणसं उतरली. भय्याजी बनियनवर धावत आला. "कामिनी, पाप लागन," असं म्हणत तो मध्ये येऊ लागला.

"लागू द्या," ती मान वर न करता म्हणाली. "मलेच लागन ना? लागू द्या. मीच याले तेल वाहिलं, मीच काढते."

तिला कोणी अडवलं नाही, आणि सब्बलीला हातही कोणी लावला नाही. ज्या घरी दोन चमत्कार झाले, त्या घरच्या बाईला काय म्हणावं, हे कोणाला सुचत नव्हतं. सिमेंट भय्याजीने स्वतःच्या पैशाने घातलं होतं, त्यामुळे फार खणावं लागलं नाही. गोटा कलला तेव्हा मी बंद पडलेल्या गाड्या आणायची माझी हातगाडी पुढे केली. दोघांनी मिळून तो वर लोटला. तिच्या हातांना, लुगड्याला सगळीकडे शेंदूर लागला होता.

हातगाडी आम्ही भय्याजीच्या अंगणात नेली आणि तुळशीजवळ गोटा उतरवला. भय्याजीची बायको सुलोचनाबाई दारात उभी होती. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कामिनीच्या हातावर पाणी घातलं. कामिनी हात धूत भय्याजीला म्हणाली, "तुमचा गोटा तुमच्या घरी आनून देला. देव असन तर लोक इथं येतीन पाया पडाले. गाडी उभी करून."

देव भय्याजीच्या अंगणात आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला दोघं-तिघं गेले. मग कोणी जाईना. जाता जाता होणारा देव होता तो. गाडीवरून उतरून, चपला काढून पाया पडायला कोणाला सवड आहे? भय्याजी अजून खुर्ची टाकून बसतो, पण आता अंगणात.

वळणावर गोट्याच्या जागी खड्डा उरला. मी त्यात मुरूम भरला, चंद्रकुमारने वर पांढरा चुना मारला. ब्रेकर तेवढे राहिले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्याच दिवशी पहिली मोटारसायकल आली, ब्रेकर चढली, आणि चालवणाऱ्याने दोन्ही हात सोडून मोकळ्या जागेला नमस्कार केला. त्याच्यामागचा आला, त्यानेही केला. मी ओरडून सांगितलं, अरे, तिथे काही नाही. तो म्हणाला, "जागा तर तीच हाय ना काका."

गुड्डीचा हात बरा झाला. कोपर पूर्ण सरळ होत नाही, पण हँडल धरता येतं. परीक्षा जवळ आली होती, ती पुन्हा गाडी घेऊन जायला लागली. तेव्हापासून संध्याकाळी कामिनी माझ्या दुकानाशी येऊन उभी राहते. बसत नाही. मी स्टूल दिला तरी बसत नाही. लाखनीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर तिची नजर असते. गुड्डी येते, दोन्ही हात हँडलवर धरून वळण घेते, आईकडे पाहतही नाही, कारण आईनेच तसं बजावलं आहे. मग कामिनी घरी जाते.

परवा टिकारामची जीप गुड्डीच्या आधी आली. त्याने ब्रेकरवर सवयीने स्टेअरिंग सोडलं आणि हात जोडले. कामिनीने रस्त्याकडेचं ढेकूळ उचललं आणि काचेवर मारलं. ढेकूळ फुटलं, काच फुटली नाही. टिकाराम जीप थांबवून खाली उतरला. तोंडात खर्रा होता, तो थुंकला.

"काहून मारलं वो वयनी?"

"इथं देव नाई आता."

"माहीत हाय मले. हात आपोआप जुळतेत."

कामिनीने जीपमध्ये पाहिलं. आत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. पुढच्या सीटवर एक बाई लहान मुलीला घेऊन होती, आणि ती बाईही त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून मुलीचे दोन्ही हात धरून जोडत होती.

"स्टेअरिंग धर," कामिनी म्हणाली. "तुह्या गाडीत कोनाची तरी गुड्डी बसली हाय."